लिनक्सवरील डीजे-प्रणाली आणि पर्यायी साउंड कार्ड

मराठवाड्यात ‘डीजे’ म्हटले की वरातीपुढील ध्वनिक्षेपकांची भिंतच डोळ्यांपुढे येते. येथे अभिप्रेत आहे तो मूळ अर्थाचा डीजे, म्हणजे तबकड्या हाताने पुढे-मागे फिरवून गाण्यांची सांगड घालणारा वादक. त्याची तबकडी संगणकाशी जोडणारी पहिली गाजलेली प्रणाली काही काळ लिनक्सवर चालत होती, ही गोष्ट फारशी ज्ञात नाही. नेदरलँड्समधील एन-टू-आयटी कंपनीची ‘फायनल स्क्रॅच’ स्टँटन कंपनीने २००२च्या सुमारास बाजारात आणली. ती डेबियन लिनक्सवर आधारित होती. मात्र तिचा आज्ञासंच बंदिस्त होता आणि सोबतच्या ‘स्क्रॅचअ‍ॅम्प’ या साउंड कार्डावर बेतलेला होता. पुढे ती विंडोज व मॅकवर गेली आणि लिनक्स वापरणारे मागे राहिले.

वास्तविक अशा कार्डात गूढ असे काही नसते. तबकडीवर गाणे नसून एक सूर कोरलेला असतो. सुराच्या वारंवारितेवरून वेग कळतो, त्यात गुंफलेल्या अंकांवरून सुईचे स्थान कळते, तर डाव्या व उजव्या वाहिन्यांमधील कलाफरकावरून दिशा. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला हे सहज पडताळता येईल. ऑसिलोस्कोपच्या दोन अक्षांना दोन वाहिन्या जोडल्या की पडद्यावर वर्तुळ उमटते. तबकडी उलटी फिरवली की बिंदूही उलटा फिरतो.

लॅपटॉपच्या माइकच्या छिद्राने काम भागत नाही ते याचमुळे. ते बहुधा एकाच वाहिनीचे असते, म्हणून दिशा हरवते. दोन तबकड्यांसाठी दोन स्टिरिओ आवक आणि दोन स्टिरिओ जावक लागतात. सुईचा संकेत अवघा काही मिलिव्होल्टचा असल्याने मध्ये फोनो-प्रवर्धकही हवा. विलंबाचे गणित तर सोपे आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेताना २५६ नमुन्यांचा साठा केल्यास सुमारे ६ मिलिसेकंद जातात, १,०२४चा केल्यास २३. एवढा उशीर सराईत हाताला लगेच जाणवतो.

लिनक्सच्या ‘अल्सा’ ध्वनिव्यवस्थेत कार्डाला नाव देऊन त्यामागचे यंत्र बदलता येते. पण बंदिस्त प्रणाली ठरावीक यंत्रच शोधत असेल, तर ही युक्ती निष्फळ ठरते. तेथे प्रणालीच बदलणे शहाणपणाचे. मार्क हिल्स यांची ‘एक्सवॅक्स’ आणि ‘मिक्स’ या मुक्त प्रणाली सेराटो व ट्रॅक्टरच्या तबकड्या वाचतात. एक्सवॅक्समध्ये प्रत्येक तबकडीला वेगळे अल्सा कार्ड नेमता येते. त्यामुळे एका महागड्या चार-वाहिनी कार्डाऐवजी दोन साधी स्टिरिओ यूएसबी कार्डेही चालतात. मात्र त्यांना खरी ‘लाइन-इन’ आहे की नुसता माइक, हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.