उंबरठ्यावरची तार

१/ १९४१. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड अँड्र्यूज यांनी टँटलम धातूची एक बारीक तार ३.२ केल्विनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे २७० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली. अवकाशातील क्ष-किरण मोजणाऱ्या आजच्या अतिवाहक संवेदकांची वंशावळ या तारेपासून सुरू होते. तरीही पुढची पन्नास वर्षे तिच्याकडे क्वचितच कोणी वळले. असे का घडले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ काही धातू पुरेसे थंड झाले की त्यांचा विद्युत रोध एकाएकी शून्य होतो. ही अतिवाहकता १९११ मध्ये लायडन येथे कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत उघडकीस आली. अँड्र्यूज यांनी मात्र तार पूर्ण अतिवाहक होऊ दिली नाही. बरोबर उंबरठ्यावर ठेवली. तेथे तापमान किंचित वाढले तरी रोध झपाट्याने चढतो. या युक्तीने त्यांनी अवरक्त किरणांची ऊब मोजली आणि १९४९ मध्ये नायोबियम नायट्राइडच्या पट्टीवर अल्फा कणांचे आघात टिपले.

३/ मग अडले कुठे? उंबरठा अतिशय अरुंद होता. तारेतून ठरावीक प्रवाह सोडला, की आघाताने रोध वाढे. रोध वाढला की तार अधिक तापे. तापली की रोध आणखी वाढे. म्हणजे उपकरण स्वतःच स्वतःला उंबरठ्याबाहेर ढकलत असे. शिवाय इतक्या अल्प रोधाच्या तारेतील क्षीण संकेत नीट वाढवील असा प्रवर्धकही त्या काळी नव्हता.

४/ १९९५ मध्ये स्टॅनफर्डच्या केंट अर्विन यांनी मांडणी उलटी केली: प्रवाह नव्हे, विभवांतर स्थिर ठेवायचे. आता रोध वाढला की प्रवाह घटतो, प्रवाहाने निर्माण होणारी उष्णताही घटते आणि संवेदक आपणहून मूळ जागी परततो. ओहमचा नियम शिकलेल्या कोणालाही हे वहीच्या पानावर पडताळता येईल. एवढ्या साध्या गोष्टीला अर्धे शतक का लागावे? माझ्या मते उणीव बुद्धीची नव्हती, साधनाची होती. प्रवाहातील ती सूक्ष्म घट वाचू शकणारा ‘स्क्विड’ हा चुंबकमापकच मुळी १९६०च्या दशकात जन्मला.

५/ खगोलशास्त्रज्ञांना याचे अप्रूप का? स्फोट झालेल्या ताऱ्याच्या अवशेषातील लोह, सिलिकॉन यांची ओळख व वेग त्यांच्या क्ष-किरणांच्या अचूक ऊर्जेवरून कळतो. ६००० इलेक्ट्रॉनव्होल्टचा एक क्ष-किरण मोजताना नेहमीच्या सीसीडीची अनिश्चितता सुमारे १३० असते. उत्तम अतिवाहक संवेदकाची दोनच्या आसपास.

६/ पण एका संवेदकाने चित्र उमटत नाही, त्यासाठी रांगा लागतात. प्रत्येकाला स्वतंत्र तारा जोडाव्यात, तर त्याच तारांतून उष्णता आत शिरते. आणि आत तर तापमान ०.१ केल्विनच्याही खाली राखायचे असते. यावर तोडगा निघाला तो अनेक संवेदकांचे संकेत सामाईक तारांवरून आळीपाळीने वाचण्याचा. त्यात अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेचा मोठा वाटा आहे.

७/ २२ जुलै २०१८. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथून ‘मायक्रो-एक्स’ रॉकेट १२८ संवेदक घेऊन झेपावले. लक्ष्य होते कॅसिओपिया-ए, सुमारे ३५० वर्षांपूर्वी दिसू शकला असता अशा ताऱ्याच्या स्फोटाचे अवशेष. हाताशी मोजकी मिनिटे होती, आणि नेमकी रॉकेटची दिशा साधणारी यंत्रणाच बिघडली. दुर्बिणीला लक्ष्य दिसलेच नाही. संवेदक मात्र चालले. अशी अतिवाहक रांग अवकाशात चालण्याची ती पहिलीच वेळ.

८/ ऑगस्ट २०२२ मध्ये तेच उपकरण पुन्हा उडाले. या खेपेस कॅसिओपिया-ए दुर्बिणीच्या टप्प्यात आले.