घडीत उमटलेला शिक्का

१९९५ची विधानसभा. आम्ही शाळामास्तर ठाणे जिल्ह्यातल्या एका केंद्रावर मतमोजणीच्या ड्युटीला होतो. समोर लोखंडी जाळी, तिला नाक लावून उमेदवारांचे प्रतिनिधी. एका मतपत्रिकेवर दोन शिक्के दिसले आणि गलका झाला. पर्यवेक्षकांनी पत्रिका जाळीजवळ धरून घडी घालून दाखवली. शिक्क्यातल्या फुलीचे काटे एका बाजूला वळलेले असतात. ओली शाई घडीत पलीकडे उमटली की तेच काटे उलटे दिसतात. ज्या उमेदवाराच्या हातून मत गेलं, त्याचाच प्रतिनिधी म्हणाला, “बरोबर आहे, मास्तर.”

संध्याकाळी आकडे वाचले तेव्हा त्यानेच कागद मागितला. मी वहीचं पान फाडून दिलं. १९६१च्या निवडणूक नियमांप्रमाणे फेरमोजणीचा अर्ज लेखी हवा, कारणासह, आणि निकालपत्रावर सही होण्याआधी. अधिकाऱ्याने तो फेटाळला तर कारणं लिहावी लागतात. तो कागद मला तेव्हाही फार मोलाचा वाटला होता.

तेव्हा आम्ही अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच मोजायचो. कुठल्या गावाने कुणाला कौल दिला हे कळू नये, कुणी गावावर राग काढू नये, म्हणून. मतदानाचं मशीन आलं आणि केंद्रागणिक आकडे उघडे पडले. २०२४च्या विधानसभा निवडणुकीनंतर सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने आपल्या गावचा आकडा पाहिला, तो पटला नाही, आणि ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं. जमावबंदी लागली, मतदान झालं नाही. शंका तशीच राहिली.

त्याच निवडणुकीत आमच्या ऐरोलीशेजारच्या बेलापूरला मंदा म्हात्रे संदीप नाईकांपेक्षा ३७७ मतांनी पुढे राहिल्या. तो निकाल चुकला असं मी म्हणत नाही. पण व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या पेटीत असतातच, आणि २०१९पासून दर विधानसभा मतदारसंघामागे पाचच केंद्रांच्या मोजतात. बाकीच्या मोजाव्यात असा अर्ज आला तर होकार द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या हाती. इतक्या थोड्या फरकाला सगळ्या चिठ्ठ्या, कुणी न मागता, प्रतिनिधींच्या डोळ्यांदेखत मोजल्या पाहिजेत. आम्ही पत्रिका रात्रभर मोजायचो. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधून चिठ्ठ्या मोजायला माणसं आजही मिळतील.