पोलिसांची शाळा आणि लोकांची शाळा

पोलीस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खाकी गणवेश आणि काठी येते; पुस्तक येत नाही. पोलिसाला पुस्तक द्यावयाचे की नाही, हा प्रश्नच आपल्या देशात फार उशिरा विचारला गेला, आणि त्याचे पुरते उत्तर अजून मिळालेले नाही. आपल्या वडनेर-हिंगणघाट भागाच्या अंगाने हा इतिहास पाहिला, तर आजच्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो, असे आम्हांस वाटते.

१८५७ चा उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारने १८६१ चा पोलीस कायदा केला. पुढच्याच वर्षी वर्धा जिल्हा नागपुरापासून वेगळा काढण्यात आला. म्हणजे आपला जिल्हा आणि तो कायदा जवळजवळ एका वयाचे. लंडनमध्ये १८२९ पासून बिनहत्यारी नागरी पोलीस होते. हिंदुस्थानसाठी मात्र नमुना घेतला तो आयर्लंडातल्या हत्यारी दलाचा. कारण उघड आहे. येथला पोलीस लोकांच्या रक्षणापेक्षा राज्याच्या रक्षणासाठी हवा होता. अशा शिपायाला कवायत आली आणि हुकूम कळला, की त्याचे शिक्षण पुरे झाले. खेड्यातला पहारा तर कोतवालाच्या माथी होता. त्याला शाळा कोण दाखवणार?

चाळीस वर्षांनी, १९०२ साली, लॉर्ड कर्झन यांनी पोलीस खात्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे त्यापूर्वी आपल्याच मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. पोलीस अकार्यक्षम आहेत, त्यांना धड शिक्षण नाही, आणि लोक त्यांना लाचखाऊ व जुलमी समजतात, असा निर्वाळा या आयोगाने दिला. सरकारच्याच माणसांनी हे लिहावे, हे विशेष. त्यानंतर शाळा निघाल्या. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यास सुरू झाली व १९०९ मध्ये नाशिकला गेली. मध्य प्रांताची शाळा सागरला होती. पण या शाळांतही वाटणी राहिलीच: कायदा अधिकाऱ्याला, कवायत शिपायाला. लोकांशी गाठ पडते ती मात्र शिपायाची.

या वाटणीची किंमत आपल्या जिल्ह्याने मोजली आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या ठाण्यावर लोक निशाण घेऊन गेले. गोळीबार झाला, माणसे पडली. मग खवळलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. दोन्ही बाजूंची माणसे याच देशाची होती. हुकूम तेवढा परका होता.

स्वराज्य आले, हुकूम आपला झाला. शिक्षण किती बदलले? मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या ठाण्यात, एका आदिवासी मजूर मुलीने पोलिसांविरुद्ध अत्याचाराची फिर्याद केली. नागपूरच्या उच्च न्यायालयाने दोषी ठरवलेले पोलीस सर्वोच्च न्यायालयात सुटले. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. हा धडा पोलिसांच्या शाळेने घातला नाही, लोकांनी घातला.

आम्ही कामगार चळवळीतले. मोर्च्यासमोर बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई हा शेतकऱ्याचा किंवा मजुराचाच मुलगा असतो, हे आम्ही जन्मभर पाहिले. त्याच्या कामाला घड्याळ नाही, सणाला रजा नाही. १९६६ च्या कायद्याने त्याला कामगार संघटनेत जाण्याची बंदी आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईचे पोलीस शिपाई आपली गाऱ्हाणी घेऊन उठले, तेव्हा त्यांची संघटनाच मोडण्यात आली. ज्याला स्वतःचा हक्क मागता येत नाही, त्याने दुसऱ्याचा हक्क जपावा, ही अपेक्षा सोपी नाही.

अमेरिकेने दुसरी वाट धरली. बर्कलेचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९०८ साली पोलिसांची शाळा काढली. १९६८ च्या कायद्यानंतर पोलिसांना महाविद्यालयात शिकण्यासाठी सरकारी पैसा मिळू लागला. तेथील कम्युनिटी कॉलेज, म्हणजे गावाजवळचे, थोड्या फीचे, दोन वर्षांचे महाविद्यालय. तेथे नोकरीतला पोलीस आणि साधा विद्यार्थी एका बाकावर बसून कायदा शिकू लागले. पण एवढ्यानेही भागत नाही. मिनेसोटा राज्यात पोलीस होण्यास दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण लागत असे. तरी त्याच राज्यातल्या मिनिॲपोलिस शहरात २५ मे २०२० रोजी जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. त्या पोलिसाला शिक्षा झाली, कारण रस्त्यावरच्या एका मुलीने ते सारे चित्रित केले होते. शिकलेल्या पोलिसालाही जागे लोक लागतात.

आज आपल्या भागातली मुले पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी धावतात. मैदानी चाचणीला पन्नास गुण, लेखी परीक्षेला शंभर. लेखीत गणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. कायदा हा स्वतंत्र विषय नाही. तो भरतीनंतर प्रशिक्षण केंद्रात भेटतो. १ जुलै २०२४ पासून तर जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे जुन्या शिपायालाही नवे पाठ करणे आले.

मग ही मुले आणि त्यांचे आईबाप मिळून तो कायदा आधीच का वाचू नये? वडनेरला पोलीस ठाणे आहे. त्याच्या जोडीला संध्याकाळचा एक वर्ग हवा. अटकेच्या वेळी पंचनाम्यासारखा लेखी कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घ्यावी लागते, नातेवाइकाला कळवावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बसू खटल्यात सांगितले. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, आणि नोंदीची नक्कल फुकट मिळते. एवढे जरी शेतमजूर बाईला आणि उद्याच्या शिपायाला एकाच फळ्यावरून शिकवले, तरी ठाण्याच्या टेबलापाशी ती दोघे भेटतील तेव्हा एकाच्या तोंडी हुकूम आणि दुसऱ्याच्या तोंडी विनवणी असणार नाही. कायदा दोघांनाही पाठ असेल. गावाची सुरक्षितता यापेक्षा वेगळी आम्हांस ठाऊक नाही.