साडेसोळा फुटांची वाट

'चाकोरी' हा शब्द आपण बहुतेक वेळा नाक मुरडूनच वापरतो. चाकोरीतली नोकरी, चाकोरीबद्ध आयुष्य. मुळात चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी वाटेत पाडलेला खोल चर. तो चर किती हट्टी असतो हे मला ग्रॅव्हल सायकलच्या हँडलमधून कळलं. एकदा पुढचं चाक त्यात उतरलं, की पन्नास-शंभर मीटर तरी तुम्ही बैलगाडीच्याच मर्जीने जाता.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे रेसिंग सायकलसारखं वाकडं हँडल, पण टायर रुंद आणि खडबडीत. डांबर संपल्यावरही न थांबणारी सायकल. परदेशातले व्हिडिओ पाहिले तर ती द्राक्षमळ्यांतून, नदीकाठाने पांढऱ्या धुळीत पळताना दिसते. कोल्हापुरात द्राक्षं नाहीत, ऊस आहे. नदी मात्र आहे, आणि उसातून जाणाऱ्या निवांत कच्च्या वाटांना आपल्याकडे जुना, सुंदर शब्द आहे: पाणंद.

कसबा बावड्यातून राजाराम बंधाऱ्यावरून पंचगंगा ओलांडायची, निगवे दुमाला, वडणगे करत प्रयाग चिखलीकडे वळायचं आणि आंबेवाडीवरून शिवाजी पुलाने शहरात परत यायचं. या टापूत हमरस्ता सोडून पाणंदीत शिरलं, की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर ऊस आणि मध्ये आभाळाची एक पट्टी. जानेवारीत फुफाटा, जुलैत गुडघाभर चिखल. ही पट्टी एवढ्याच रुंदीची का, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

उत्तर गावनकाशात आहे. त्यात गाडीवाट दुहेरी तुटक रेघांनी दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने. नोंदीतली रुंदी पायवाटेला सव्वाआठ फूट, गाडीवाटेला साडेसोळा ते एकवीस फूट. सव्वाआठ, साडेसोळा हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी 33 फुटांची होती हे लक्षात घेतलं की उलगडतात. अर्धी साखळी म्हणजे साडेसोळा, पाव साखळी म्हणजे सव्वाआठ. आपला गुंठाही तिथूनच येतो: 33 फूट गुणिले 33 फूट, म्हणजे 1089 चौरस फूट. ब्रिटिश मुलखात 1830 च्या दशकात इंदापूरपासून सुरू झालेली ही मोजणी पुढे संस्थानांतही आली. गाड्या त्याआधीही जातच होत्या. साखळीने फक्त त्यांची वाट कागदावर आणली, आणि पाणंद सार्वजनिक वाट ठरली.

या वाटांवर खरा भार पडला तो गुळाचा. 1891 मध्ये मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. 1895 मध्ये शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरी वसवली आणि तिथली गुळाची बाजारपेठ वाढत गेली. म्हणजे गुळाला दूरचं गिऱ्हाईक मिळालं, पण स्टेशनापर्यंतचा प्रवास बैलगाडीचाच. ऊस रानातून गुऱ्हाळावर, गुळाच्या ढेपा गुऱ्हाळावरून पेठेत. लोखंडी धाव बसवलेली लाकडी चाकं दर हंगामात त्याच रेघेत फिरायची आणि चाकोरी खोल होत जायची. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या वाटांनी तो बाजारात पोचला, त्यांना कुणी मानांकन देत नाही.

उसाला पाणी लागतं, आणि इथे माझ्या मते या मुलखातली सगळ्यात हुशार गोष्ट येते. धरणाबद्दल आपण शाळेत शिकतो: शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलं, ते रखडलं आणि पूर्ण व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. पण धरणातून सोडलेलं पाणी नदीच्या पात्रात अडवून धरायचं काम बंधारे करतात. नदीत दगडी खांबांची रांग आणि खांबांना खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत बरगे, म्हणजे फळ्या, बसवायच्या. नदी पायऱ्यापायऱ्यांनी तुंबते आणि काठावरच्या मोटारी पाणी उचलतात. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पुराला वाट मोकळी. कालवा खणायला नको, कुणाचं रान बुडवायला नको. पाटबंधारे खात्याच्या कागदात या रचनेचं नावच 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' आहे, आणि महाराष्ट्रात इतरत्रही ती याच नावाने बांधली गेली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला महाराजांच्या मुलाचं नाव आहे.

बंधाऱ्याच्या माथ्यावरून लोक ये-जा करतात. पाण्यासाठी बांधलेली भिंत दोन काठांच्या पाणंदी जोडते. सायकलवरून जाताना एका बाजूला काठोकाठ संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली उघडे खडक, असा प्रकार असतो. समोरून वैरणीचा भारा बांधलेली मोटारसायकल आली तर मात्र पाय टेकून उभं राहायचं. भाऱ्याला ब्रेक नसतो.

राजाराम बंधारा तुम्हाला दुसऱ्या कारणाने माहीत असेल. पावसाळ्यात मोबाइलवर येणारी पंचगंगेची पातळी तिथेच मोजतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. बंधारा मात्र त्याच्या बराच आधी पाण्याखाली जातो. 2019 आणि 2021 मध्ये पाणी 55 फुटांच्या पुढे गेलं. चिखली आणि आंबेवाडीतल्या लोकांना गाव सोडावं लागलं. पूर ओसरल्यावर मागे राहतो तो मऊ काळा गाळ. याच गाळाने मळीची रानं कसदार केली, आणि हाच गाळ पाणंदीला पाच-सहा महिने निकामी करतो.

आता इटलीतल्या एका गोष्टीकडे येतो, कारण ग्रॅव्हलवाल्यांच्या गप्पांत ती हमखास निघते. टस्कनीत कियांतीच्या द्राक्षमळ्यांतून पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते जातात. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून 1997 मध्ये तिथल्या सायकलवेड्यांनी 'लेरोइका' सुरू केली. जुन्या सायकली घेऊन जुन्या रस्त्यांवर फिरायचं. पुढे 2007 पासून त्या भागात व्यावसायिक शर्यत होऊ लागली आणि धुळीचे रस्ते जगप्रसिद्ध झाले. आपल्या पाणंदींचंही असंच करावं, असं माझ्या ओळखीच्या बऱ्याच सायकलस्वारांना वाटतं. मोह मलाही होतो.

पण वडणग्याच्या बाजूला एकदा चेन सरळ करत उभा होतो, तेव्हा बांधावरून आवाज आला, "काय पाव्हणं, गाडी बसली काय?" मग गप्पा झाल्या. मी म्हटलं, "मामा, तुमची पाणंद भारी आहे, अशीच राहिली पाहिजे." मामा हसले. "तुमास्नी भारी. माझा ऊस गेल्या साली तोड येऊन बी चार दिस रानात पडला. ट्रॅक्टर आत शिरंना." तोडलेला ऊस रोज वाळतो, आणि कारखाना पैसे देतो ते वजनावर. त्या चार दिवसांची किंमत कुणा सायकलस्वाराच्या खिशातून जात नाही. हंगामात अवकाळी पाऊस पडला तर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मुरूम-खडीची पक्की वाटच हवी. राज्य सरकारने 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाने योजना आणली ती याचसाठी. त्यामुळे पाणंदी पक्क्या होऊ नयेत असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझं भांडण दुसरीकडे आहे. पाणंदीला डांबरापेक्षा नांगराचं भय जास्त. उसाचा भाव कळला की बांध दरवर्षी सरीभर पुढे सरकतो. दोन्ही बाजूंनी सरकला की गाडीवाटेची पायवाट होते, आणि पायवाटेचा ऊस. कायदा आहे: 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली वाटेतला अडथळा काढायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतो. पण तक्रार करायची ती शेजाऱ्याविरुद्ध, बहुतेकदा भावकीविरुद्ध. त्यापेक्षा लोक लांबचा फेरा पत्करतात.

त्या दिवशी मामांना मी साखळीचा हिशेब सांगितला. माझी सायकल पावणेसहा फूट लांब आहे. तीन सायकली टोकाला टोक लावून आडव्या ठेवल्या तर साडेसोळा फुटांत जवळजवळ बसतात. आम्ही एकच सायकल तीनदा सरकवून बघितली. दुसऱ्याच वेळी पुढचं चाक उसात गेलं. मामा बराच वेळ त्या चाकाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "ह्यो बाजूचा ऊस माझाच हाय."