सिन-ए-यास

आम्ही औंढा नागनाथला राहतो आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. घरात दखनी, बाजारात मराठी. बाईची पाळी कायमची गेली, की दोन्ही भाषा आवाज खाली आणतात. पुस्तकी नावे मात्र दोन्हीकडे आहेत. मराठीत रजोनिवृत्ती, मास्तरांची होते तीच निवृत्ती. उर्दूत सिन-ए-यास, म्हणजे निराशेचे वय. असे नाव पडलेच कसे?

'मेनोपॉज' हा शब्द तसा अलीकडचा. फ्रेंच डॉक्टर गार्दान यांनी 1816 मध्ये आधी एक लांबट शब्द बनवला आणि 1821 मध्ये तो आटोपशीर केला. ग्रीकमध्ये 'मेन' म्हणजे महिना, 'पाउसिस' म्हणजे थांबणे. महिना थांबला, एवढेच. गोष्ट अर्थात जुनीच आहे. रज बाराव्या वर्षी सुरू होऊन पन्नाशीला सरते, असे सुश्रुतसंहितेतही आहे.

'यास'चे मूळ कुरआनात सापडते. सूरह तलाकच्या चौथ्या आयतीत इद्दतीचा हिशेब आहे. ज्यांना पाळी येण्याची आशा उरली नाही, त्यांची तलाकनंतरची इद्दत तीन महिने. आशा संपली ती पाळीची, जगण्याची नव्हे! फिक्हच्या किताबांत अशा बाईला 'आइसा' म्हटले आहे आणि हनफी उलेमांनी त्यासाठी साधारण 55 वर्षांचे वय धरले. हा सगळा कायद्याचा हिशेब होता. पण बोलण्यात 'कशाची आशा' हे मधले पद गळाले आणि नुसती निराशा उरली.

1948 पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबादेत 1917 मध्ये दारुल तर्जुमा निघाले आणि उस्मानिया विद्यापीठात डॉक्टरीसुद्धा उर्दूतून शिकवली गेली. तेव्हा शब्द घडवणे आपल्याला नवे नाही. अरबी मुलखांत आता काही जण 'सिन्न अल-अमल', आशेचे वय, असेही म्हणतात. आम्हाला ते जरा जास्तच गोड वाटते. उर्दूत 'इन्किता-ए-हैज' असा सरळ शब्द आहेच, तो का वापरू नये?

कारण प्रश्न नुसत्या शब्दाचा नाही. सलग 12 महिने पाळी आली नाही, की ती गेली असे डॉक्टर मानतात. त्यानंतर कधीही रक्त दिसले तर तपासणी करावीच लागते. क्वचित ते गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असते. पण आपले 'निराशेचे वय' सुरू झाले असे जिने ऐकले आहे, ती एवढ्यासाठी दवाखान्यात जात नाही. तिच्या लेखी तो विषय केव्हाच संपलेला असतो.