दुसऱ्याच्या घड्याळातली पहाट

रात्रीचे साडेदहा. लातूरच्या गंजगोलाईतली दुकानं बंद झालीत, घरातले झोपलेत आणि तुम्ही लॅपटॉप उघडून ‘वेबॅक मशीन’वर आलात. ना पैसे, ना नावनोंदणी. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उभारलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा हा दरवाजा २००१ पासून सगळ्यांना उघडा आहे. एका जुन्या मराठी वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा पत्ता टाका. वर वर्षांची पट्टी येते, खाली कॅलेंडर. ज्या दिवशी पान जपलं गेलं, त्या तारखेवर निळा ठिपका. एखाद्या ठिपक्यावर क्लिक करा.

पान उघडतं, पण मराठी कुठंच दिसत नाही. नुसती रोमन अक्षरं, टोप्या घातलेले स्वर, मध्येच प्रश्नचिन्हं. घाबरू नका. तेव्हा युनिकोड रुळलं नव्हतं. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, आणि सायबर कॅफेत तो आधी उतरवून घेतला तरच बातमी वाचता यायची. तो मजकूर उचलून जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या एखाद्या फुकट परिवर्तकात टाका. काना, मात्रा, वेलांट्या एकेक करून जागेवर येतात, आणि वीसेक वर्षांपूर्वीची सकाळ तुमच्याशी मराठीत बोलायला लागते. हा क्षण एकदा तरी अनुभवावाच.

अजून मागं चला. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त इंग्रजांच्या काळातलं ‘इम्पीरियल गॅझेटियर’ आहे. त्यात नांदेड सापडत नाही? इंग्रजी स्पेलिंगमधला शेवटचा ‘डी’ काढून ‘आर’ लावा. नांदेर! लगेच निजामाच्या राज्यातला जिल्हा समोर येतो. लातूर मात्र तिथं उस्मानाबाद जिल्ह्यातच भेटतं. त्याचा स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडावं लागलं.

आता किल्लारीच्या भूकंपाकडं वळा. बोटं अडखळतील, तरी वळा. आपल्याकडं सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे भूकंपानंतर जवळपास दोन वर्षांनी. त्या पहाटेचं आपलं पान वेबॅकमध्ये सापडणार कुठून? म्हणून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची भूकंपांची खुली यादी उघडा. ३० सप्टेंबर १९९३ खाली किल्लारी नाही. एक दिवस मागं जा. २९ सप्टेंबर, २२ वाजून २५ मिनिटं, तीव्रता ६.२. यादी जागतिक वेळेत आहे. साडेपाच तास मिळवा: पहाटेचे ३ वाजून ५५ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून, दमून झोपलेली गावं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. सुमारे १० हजार माणसं त्याखाली गेली.

आपली सगळ्यात काळी पहाट तिथं एका ओळीत आहे, तीही दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणं आणि आदल्या दिवसाच्या नावावर. त्या खात्यानं ती नोंद तरी जपली. बाकीचं जपणं आपलंच काम आहे.

वेबॅकवर ‘सेव्ह पेज नाऊ’ नावाची चौकट आहे. गावाच्या शाळेचं, वाचनालयाचं जे पान आज चालू आहे, त्याचा पत्ता आजच तिथं टाका. आणि घरातल्या ट्रंकेत त्या दिवसांची कात्रणं, फोटो असतील तर स्कॅन करून आर्काइव्हवर चढवा. गावाचं नाव देवनागरीत लिहा. तारीख ३० लिहा.