बोलत्या मेंदूची साक्ष

मनातला शब्द जिभेच्या मध्यस्थीवाचून यंत्राकडून वदवून घ्यावा ही कल्पना ऐकावयास अद्‌भुत वाटते. परंतु तिच्या मुळाशी असलेल्या शास्त्राला आता शतक उलटून गेले आहे. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या विद्युत्‌लहरी प्रथम टिपल्या. १९६९ मध्ये अमेरिकेत एबरहार्ड फेट्झ यांनी माकडाला स्वतःच्या मेंदूतील एका पेशीच्या स्पंदनांवर ताबा ठेवून मापकाचा काटा हालवावयास शिकविले, आणि १९७३ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील जाक विदाल यांनी मेंदू व संगणक यांच्या थेट संभाषणाची योजना मांडली. या मालिकेत फिलिप केनेडी यांचे नाव बहुधा ओझरते घेतले जाते. माझ्या मते ते अधिक विस्ताराने घेण्याजोगे आहे.

केनेडी मूळचे आयर्लंडचे. वैद्यकाचे शिक्षण संपवून ते अमेरिकेत गेले आणि जॉर्जिया राज्यात स्थिरावले. मेंदूत खुपसलेली बारीक तार काही काळ पेशींचे स्पंदन टिपते. मग तिच्याभोवती व्रणाची ऊती जमते, तार जागची सरकते आणि संदेश क्षीण होत जातो. ही त्या काळची मोठी अडचण होती. केनेडींनी तोडगा काढला तो माळ्याला शोभेल असा. काचेचा दोनएक मिलिमीटर लांबीचा पोकळ शंकू घ्यावयाचा, त्यात सोन्याच्या तारा बसवावयाच्या आणि मज्जातंतूंच्या वाढीला पोषक द्रव्य भरून तो मेंदूत ठेवून द्यावयाचा. पेशींचे धागे आपणहून शंकूत वाढत आणि तेथेच रुजत. तारेने पेशीचा पाठलाग करावयाचे कारणच उरले नाही.

१९९६ मध्ये हा शंकू प्रथम माणसाच्या मेंदूत बसला. १९९८ मध्ये मेंदूतील आघाताने सर्वांग निश्चेष्ट झालेल्या, पण जाणीव शाबूत असलेल्या एका रुग्णास तो बसविण्यात आला, आणि कालांतराने तो केवळ विचाराच्या बळावर पडद्यावरील खूण अक्षरांपर्यंत नेऊ लागला. पुढे २००४ मध्ये अशाच स्थितीतील एका तरुणाच्या मेंदूत, वाणीचे नियंत्रण करणाऱ्या भागात, शंकू ठेवला गेला. त्याच्या स्पंदनांवरून यंत्राने स्वर उमटविल्याचे वृत्त २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

खरी कोंडी येथेच होती. हा तरुण या क्षणी मनात ‘आ’ म्हणत आहे की ‘ऊ’, हे त्याला विचारावयाचे कसे? स्पंदने हाती होती, पण ती कोणत्या ध्वनीची याची ग्वाही देणारी वाचा नव्हती. शब्दकोश करावयाचा तर बोलता येणाराच मेंदू हवा. आणि धडधाकट माणसाची कवटी उघडण्यास कोणती वैद्यकीय नीती संमती देईल?

दरम्यान अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने शंकूतील पोषक द्रव्याच्या निर्धोकपणाबद्दल अधिक माहिती मागविली. ती देता आली नाही, आणि नव्या रुग्णांसाठी परवानगी मिळेना. फायलींत हयात घालविलेल्या वाचकांस या ठिकाणी संशोधकाची कीव येईल, तशी त्या अज्ञात अधिकाऱ्याचीही बाजू पटेल. मेंदूत घालावयाच्या द्रव्याविषयी शंका विचारणे हे त्याचे कामच होते.

केनेडींनी मग स्वतःचाच मेंदू पुढे केला. जून २०१४ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मध्य अमेरिकेतील बेलीझ या छोट्या देशात त्यांच्यावर सुमारे साडेअकरा तास शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर त्यांना बोलता येईना. ज्या अवस्थेवर उपाय शोधण्यात आयुष्य वेचले, तिच्याच उंबरठ्यावर ते काही दिवस उभे होते. वाचा हळूहळू परतली. त्याच वर्षी दुसरी शस्त्रक्रिया करून संदेश बाहेर पाठविणारी उपकरणे बसविली. मग आपल्या प्रयोगशाळेत ते ध्वनी व शब्द आधी मोठ्याने उच्चारीत, नंतर तेच मनात म्हणत, आणि स्पंदनांची नोंद ठेवीत. उच्चारलेल्या व मनातल्या ध्वनीला पेशींचे तेच गट साद देतात, असे त्यांना आढळले. हा उद्योग काही आठवडेच चालला. जखम भरून येईना, म्हणून जानेवारी २०१५ मध्ये उपकरणे काढावी लागली.

याला धैर्य म्हणावे की हट्ट? एका मेंदूची साक्ष शास्त्रात पुरेशी होत नाही, आणि साक्षीदार व परीक्षक एकच असेल तर ती अधिकच दुबळी ठरते. सहव्यवसायिकांपैकी काहींनी नाके मुरडली, ती अगदीच अकारण नव्हती. तरीही बोलत्या माणसालाच विचारले पाहिजे ही त्यांची तळमळ विक्षिप्तपणाची होती असे मला वाटत नाही.

पुढे उत्तर आले ते दुसऱ्या वाटेने. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड व सॅन फ्रान्सिस्को येथील दोन पथकांनी वाचा गमावलेल्या स्त्रियांच्या मेंदूतून मिनिटाला साठ ते ऐंशी शब्दांच्या वेगाने वाक्ये मिळविली. काय म्हणावयाचे ते रुग्णाला पडद्यावर दाखवावयाचे, तिने ते बोलण्याचा यत्न करावयाचा, आणि संगणकाने हजारो वाक्यांवरून खुणा ओळखावयास शिकावयाचे, अशी ती पद्धत होती. या पथकांची विद्युत्‌ उपकरणे निराळ्या घडणीची होती; काचेचा शंकू त्यांत कोठेच नव्हता.